गावाचा एकच वस्तरा

"अहो, धार लावून लावून तो वस्तरा झिजून जाईल, पण गिऱ्हाईक काही यायचं नाही," न्हाव्याची बायको दुकानाच्या दारात उभी राहून म्हणाली. "त्यापेक्षा विळा घ्या हातात. पुढाऱ्याच्या मळ्यात कांद्याला माणसं हवीत."

"माझ्या हातातला वस्तरा चालत नाही गावाला, आणि विळा चालतो?"

"राबायला हात कुणाचाही चालतो. आणि त्या खुर्चीचं काय करायचं ते एकदा ठरवा. भंगारवाला दोनदा विचारून गेलाय."

न्हाव्यानं वस्तरा मिटला. खुर्ची त्याच्या बापाची. एका पायाखाली वीट लावलेली, हाताच्या जागी रंग उडालेला. सध्या तिच्यावर मांजर झोपायचं आणि त्याला दाढी करून घ्यायची नव्हती. खुर्ची गेली की दुकान गेलं, आणि दुकान गेलं की न्हावी कसला, पुढाऱ्याच्या मळ्यातला आणखी एक गडी.

हे सगळं झालं ते रक्त तपासायच्या गाडीमुळे. भर उन्हात, धुरळा उडवत ती गाडी आली आणि गावच्या झाडाखाली थांबली. नर्सबाई उतरल्या, घाम पुसला आणि नीट समजावून सांगितलं, की हेपॅटायटिस सी नावाची काविळीची एक जात आहे. ती एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जाते. वापरलेल्या सुईतून जाते, वस्तऱ्यातून जाऊ शकते. एका ताटात जेवल्यानं, शेजारी बसल्यानं होत नाही. वर्षानुवर्षं आतून यकृत पोखरते आणि माणसाला पत्ताही लागत नाही. आता गोळ्यांनी ती बरी होते, हेही त्यांनी सांगितलं, पण तोवर गाव आपसांत बोलायला लागलं होतं.

"न्हाव्यापासून करा सुरुवात," पुढारी मिशीवरून बोट फिरवत म्हणाला. "सगळ्यांच्या गळ्याला तोच वस्तरा लावतो."

सगळे हसले. न्हावीही हसला आणि त्यानं बोट पुढे केलं. थोड्या वेळानं नर्सबाईंनी त्याला गाडीच्या मागे नेलं आणि अगदी हळू आवाजात काहीतरी सांगितलं. हळू आवाजातलं बोलणं या गावात सगळ्यात लांब ऐकू जातं. न्हावी परत येईपर्यंत झाडाखाली चिटपाखरू नव्हतं. पुढाऱ्याला मोटार बंद करायची आठवली होती, कंपाउंडरला कुणाचा तरी ताप आठवला होता.

हा कंपाउंडर एके काळी एका डॉक्टरकडे बाटल्या धूत असे. गावात आल्यावर तोच डॉक्टर झाला. ताप असो, खोकला असो, नवरा-बायकोचं भांडण असो, तो सुई टोचायचा, आणि टोचल्याशिवाय गावालाही बरं वाटायचं नाही. सकाळी चहाच्या आधी तो एक सुई पातेलीत उकळायचा आणि तीच संध्याकाळपर्यंत चालवायचा. दिवसभर उभं राहून न्हाव्याची कंबर धरायची, म्हणून तोही आठवड्याला एक टोचून घ्यायचा. आता सगळ्यात मोठ्यानं बोलत होता तो कंपाउंडरच.

"मी कधीचा सांगतोय, वस्तरा वाईट!"

झालं, दुकान बंद पडलं. पण दाढ्या काही बंद पडत नाहीत. मग पुढाऱ्यानं शहरातून चकचकीत मुठीचा वस्तरा आणला आणि आपल्या ओसरीवर ठेवला. गावाचा स्वतःचा, स्वच्छ वस्तरा! सकाळी सकाळी तिथे रांग लागायची. एकाचं झालं की दुसरा त्याच फडक्याला वस्तरा पुसायचा आणि सुरू करायचा. हात कुणाचाच बसलेला नाही, त्यामुळे गाल कापल्याशिवाय कुणी उठत नव्हतं. कापलं की तुरटी. तीही सगळ्यांत एकच.

कांद्याला जाताना न्हाव्याला हे दिसलं आणि त्याला राहवेना.

"पुढारी, अहो, धोका आहे तो यातच आहे. मी आता पातं बदलायचा वस्तरा आणतो, प्रत्येकाला नवं पातं, सगळ्यांच्या समोर फोडून..."

"ऐका!" पुढारी रांगेकडे बघून म्हणाला. "रोग याच्या अंगात आणि उपदेश आपल्याला!"

गालाला तुरटी लावता लावता रांग हसली. मळ्यात दुपारी पाणी प्यायची वेळ आली तेव्हा बाकीच्या गड्यांनी न्हाव्याच्या ओंजळीत वरून, लांबूनच पाणी ओतलं. तो ते प्यायला. संतापानं आणि शरमेनं त्याचे कान तापले होते. कांद्याची पात कापताना एकच विचार डोक्यात घोळत होता, की आजवर आपण किती गळ्यांवर वस्तरा फिरवला आणि त्यातल्या कुणाला हे दिलं असेल?

शहरातल्या दवाखान्यात पुन्हा रक्त तपासून झालं, तेव्हा हेच त्यानं नर्सबाईंना विचारलं.

"कुणाकडून कुणाला, ते आता कुणी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सुईतून झालं असेल, नाहीतर वस्तऱ्यातून. तीन महिने गोळी चुकवू नका, तेवढं तुमच्या हातात आहे."

ते काम बायकोनं स्वतःकडे घेतलं. तिचं स्वतःचं रक्त तपासून झालं होतं, त्यात काही निघालं नव्हतं. गोळ्यांची बाटली तिनं मिठाच्या डब्याशेजारी ठेवली. रोज सकाळी ती समोर उभी राहायची.

"गिळली? दाखवा. आ करा. जीभ वर."

"अगं, मी काय वासरू आहे?"

"वासरू बरं. ते निदान पुढाऱ्याला शिकवायला जात नाही."

महिना संपला आणि दुसरी बाटली आणायला न्हावी शहरात गेला. या आजाराच्या गोळ्या आठवड्यातून एकाच दिवशी मिळायच्या. दवाखान्याच्या बोळकांडीत शिरला आणि तिथेच थबकला. बाकावर माणसांची एक रांग त्याच्याकडे पाठ करून, डॉक्टरच्या दाराकडे तोंड करून बसली होती. प्रत्येकानं नाकापासून हनुवटीपर्यंत फडकं गुंडाळलं होतं, आत उन्हाचा कवडसासुद्धा नसताना. घरी कुणी बियाणं आणायला जातो म्हणून सांगितलं असेल, कुणी मोटारीचा पट्टा. शेजारी कोण बसलंय ते कुणी बघत नव्हतं, कारण आपण ओळखू येऊ नये याच काळजीत जो तो बुडालेला.

पण तोंडं झाकली तरी माना उघड्या होत्या. आणि जन्मभर न्हाव्यानं दुसरं बघितलंय काय? केसांखाली तीळ असलेली ती मान, दोन भोवऱ्यांवाली ती, गळवाचा व्रण असलेली काटकुळी मान कंपाउंडरची. आणि मधोमध, दोन वळ्या पडलेली, जिच्यावर वस्तरा नेहमी दोनदा फिरवावा लागायचा, ती पुढाऱ्याची. झाडाखालून पळालेल्यांनी इथे येऊन चोरून रक्त तपासून घेतलं होतं तर! सगळ्यांचे केस तर असे कापलेले, जणू शेळी चरून गेली होती.

एकेकाला बापाच्या नावासकट मोठ्यानं हाक मारावी असं त्याला वाटलं. खरंच वाटलं, अगदी जिभेवर आलं. ओंजळीत लांबून ओतलेलं ते पाणी आठवलं. मग दोन वळ्यांची ती मान त्याला नीट दिसली. घामेजलेली होती आणि भीतीनं ताठ झाली होती. पहिल्या दिवशी याच बाकावर त्याची स्वतःचीही तशीच झाली होती.

त्यानं घसा खाकरला आणि दुकानातल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला,

"हं, मान खाली."

या टोकापासून त्या टोकापर्यंत बाकावरच्या सगळ्या माना खाली गेल्या.

दार उघडून नर्सबाई बाहेर आल्या आणि बघतच राहिल्या. "हे काय चाललंय?"

"काही नाही, बाई," न्हावी बाह्या सावरत म्हणाला. "दुकान उघडलं."