कप वाजल्यानंतर

चमचा कपावर वाजला आणि तिने तोंडातलं वाक्य अर्ध्यावरच गिळलं. गिळावंच लागे, त्या खोलीचा दंडकच तसा होता. मांडणाऱ्याने अर्धा वेळ आपली बाजू कागदावरून वाचायची. मग सरांनी चहाच्या कपावर चमचा वाजवला की कागद पालथे घालायचे आणि उरलेला वेळ आपल्याच मुद्द्याच्या बरोबर उलट बोलायचं. तेही असं, की ऐकणाऱ्याला वाटावं, याचं खरं मत हेच. ज्याला विरोधकाची बाजू विरोधकापेक्षा चांगली मांडता येत नाही, त्याने स्वतःची मांडायच्या फंदात पडू नये, असं सर म्हणत.

तिने कागद पालथे घातले.

कायद्याच्या तत्त्वज्ञानाचं हे चर्चासत्र दर गुरुवारी दुसऱ्या मजल्यावरच्या एका चिंचोळ्या खोलीत भरे. खोलीला खिडक्या होत्या, पण त्या उघडण्यासाठी नव्हत्या. लांबलचक टेबलाचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली कुण्या नापास विद्वानाचा प्रबंध सारलेला होता; त्या प्रबंधाने जगाला दिलेला आधार काय तो तेवढाच. याच टेबलाशी म्हणे एक संशोधक, जन्मभर फाशीच्या विरुद्ध लिहिणारा, कप वाजल्यावर फाशीच्या बाजूने इतका बिनतोड बोलला की स्वतःलाच पटवून बसला. दुसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरेटवर पाणी सोडलं आणि मधमाश्या पाळायला निघून गेला. खरंखोटं त्या मधमाश्यांना ठाऊक.

आणखी एक नियम होता. इथे 'मी' म्हणायचं नाही. ज्याच्यावर अन्याय झाला तो 'क्ष', ज्याने केला तो 'य'. आपलं आयुष्य छत्रीसारखं दाराबाहेर उभं करून आत यायचं.

तिच्या प्रबंधाचा विषय होता, मेलेल्याच्या वतीने क्षमा. 'य'च्या हातून 'क्ष' मेला. आता 'य'ला माफ करण्याचा अधिकार कोणाला? कोणालाच नाही, असं तिचं म्हणणं. ज्याचा अधिकार होता तो गेला, आणि जाताना तो कुणाच्या नावावर करून गेला नाही. नातेवाइकांनी क्षमा करणं म्हणजे शेजाऱ्याचं घर आपण दान करून टाकणं. सगळं कसं चिरेबंदी होतं. प्रबंध सादर करण्याआधीची ही शेवटची मांडणी, आणि आत्ता, कपापर्यंत, चिरेबंदी वाड्याचा एक खडाही हलला नव्हता.

'क्ष' हा तिचा धाकटा भाऊ होता, हे त्या खोलीत फक्त सरांना माहीत होतं. 'य' एका मालवाहू गाडीचा चालक. पिऊन वळणावर आला आणि वळला नाही. तो तुरुंगात गेला त्याला आता बरीच वर्षं झाली होती. दर वर्षी सुटकेचं मंडळ बसे आणि मेलेल्याच्या घरच्यांना विचारी, याला लवकर सोडायला तुमची हरकत आहे का? दर वर्षी तिचे बाबा इस्त्रीचा शर्ट घालून जात आणि एकच वाक्य बोलून परत येत, "माफ करायचा हक्क ज्याचा होता तो गेला. आम्ही कोण?"

हे वाक्य तिचं होतं. एकदा जेवताना ती सहज बोलून गेली, आणि बाबांनी ते उचललं. तोवर ते मंडळासमोर नुसतेच थरथरत उभे राहत. वाक्य मिळालं आणि थरथर थांबली.

उद्या सकाळी मंडळ पुन्हा बसणार होतं.

"करा सुरुवात," टेबलापलीकडून शंकासुर म्हणाला. हा तिचा सहाध्यायी. लहानपणी आईच्या अंगाईवरही याने हरकत घेतली असणार, असं सगळे म्हणत. "बघू तरी, स्वतःच्या वाड्याला आग कशी लावता."

"मेलेला माणूस माफ करू शकत नाही, हे आपण ऐकलं," ती म्हणाली. आवाज सवयीचाच होता. "पण मग मेलेला माणूस नकार तरी कसा देईल?"

शंकासुर पुढे सरकला. "म्हणजे?"

"म्हणजे 'क्ष'च्या वतीने हो म्हणायचा हक्क जर कुणाला नसेल, तर नाही म्हणायचा हक्कही कुणाला नाही. आपण गप्प आहोत, असं नातेवाईक म्हणतात. ते गप्प नसतात. ते दर वर्षी जातात आणि मेलेल्याच्या तोंडात 'नाही' घालून येतात."

हे तिच्या टिपणांत नव्हतं. उलट बाजूची तयारी तिने केली होती, पण तिच्यात हे कुठेच नव्हतं. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पाय खाली खाली जातच राहावा, तसं तिचं झालं. पण थांबता येत नव्हतं. शंकासुराने शंका काढली, तिने तिला उत्तर दिलं. त्याने दुसरी काढली, तिने तिलाही वाटेला लावलं. खोलीतल्या पेनांची टकटक थांबली.

"आणि कोणी सांगितलं की त्याने माफ केलंच नसतं?" ती म्हणाली. "आयुष्यभर ज्याने कुणावर डूक धरला नाही, त्याच्या नावाने आपण डूक धरून बसायचं? धाकट्याला तर भांडण रात्रभरसुद्धा टिकवता यायचं नाही. सकाळी उठून..."

ती थांबली. टेबलाभोवती कुणाच्या काही लक्षात आलं नाही. तिथे सगळे मुद्दे ऐकत होते. एकटे सर कपाच्या तळाशी बघत राहिले.

"'क्ष'ला," ती म्हणाली, आणि बाकीचं उरकलं.

खाली बसताना तिला दाराजवळच्या खुर्चीत बाबा दिसले. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पिशवी. ते तिच्याकडे बघत नव्हते. टेबलाखालून सगळ्यांचे पाय बघत होते. जन्मभर पादत्राणांचं दुकान चालवलेला माणूस. नवी माणसं तो खालून वर वाचत जाई, आणि बहुतेक वेळा गुडघ्यापर्यंत पोचल्यावर त्याचं वाचून झालेलं असे. तिची नजर पडताच त्यांनी बस थांबवतात तसा हात वर केला, उठले आणि गेले. ती जिन्यापर्यंत धावली तोवर ते दिसेनासे झाले होते.

परत आली तर खोली रिकामी झाली होती. सर एकटेच चमचा रुमालाने पुसत होते.

"प्रबंध आज तूच पाडलास."

"ते कप वाजल्यानंतरचं होतं, सर."

"असं?" त्यांनी चमचा वरच्या खिशात पेनाशेजारी खोचला. "मग पुन्हा बांधायला घे. पण आधी ठरव, त्यात राहायचंय कुणाला."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वसतिगृहातून घरी आली तेव्हा बाबा स्वयंपाकघरात चहा टाकत होते. इस्त्रीचा शर्ट खुर्चीच्या पाठीवर होता. आई धाकट्याच्या आधीच गेली होती; बाबा म्हणत, सुटली बिचारी. धाकटा गेल्यापासून दोन कप सोडून बाकीचे वरच्या फळीवर होते.

"या वकिलीणबाई," ते म्हणाले. "तुमचे सर दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालतात, ठाऊक आहे?"

"बाबा, काय झालं मंडळात?"

"सांगतो. आधी कालचं ऐक. तुमच्या त्या इमारतीला जिने किती आहेत? मी चढलो एक, उतरलो भलत्याच ठिकाणी. एका खोलीत पाटी नाही, काही नाही, दहा-बारा शहाणे बसलेले. मला वाटलं, हेच. बसलो. एक गृहस्थ बुडालेल्या जहाजांवर बोलत होता. जहाज बुडालं, दुसऱ्याने वर काढलं, तर आतला माल कुणाचा? मी म्हटलं, असेल. आपल्या पोरीचा विषय यातूनच कुठूनतरी निघत असेल. मान डोलावत बसलो. शेवटी त्याने विचारलं, कुणाला प्रश्न? मी हात वर केला. म्हटलं, माझी मुलगी कधी बोलणार?"

तिला हसू फुटलं. "मग?"

"त्याने चष्मा काढला. पुष्कळ वेळ विचार केला. म्हणाला, हा मुद्दा कराराच्या कक्षेत येत नाही."

दोघंही हसली. बाबा इतके हसले की त्यांना गॅस बारीक करावा लागला. असं ते कितीतरी दिवसांत हसले नव्हते, आणि हसता हसता तिच्या हे लक्षात आलं, आणि त्यापाठोपाठ दुसरंही काही लक्षात आलं.

"मग माझ्या खोलीत कधी आलात?"

"शोधत शोधत आलो. तू उभी होतीस. कागद पालथे टाकून बोलत होतीस. मला ते बघून बरं वाटलं. मेली ती पानं कशाला लागतात बोलायला?"

"त्याआधीचं काही ऐकलं नाहीत?"

"त्याआधी मी बुडालेलो होतो ना." बाबांनी चहा गाळला. "पण जे ऐकलं ते पुरे झालं. रात्रभर तेच डोक्यात. आपण त्याच्या तोंडात 'नाही' घालतो, हे इतक्या वर्षांत मला सुचलं नव्हतं. मला वाटायचं, मी त्याची राखण करतोय."

ती खुर्चीवर बसली. शर्टाची बाही तिच्या खांद्याला लागत होती.

"मी आज हरकत नाही म्हणालो," बाबा म्हणाले.

बाबा आपणहून सांगत गेले.

"त्या गाडीवाल्याची बायको असते ना बाकावर, दर वर्षी. कधी बोलत नाही, पाया पडत नाही, काही नाही. मी तिला चपलांवरून ओळखतो. तुटलेला अंगठा शिवलेला, दोरा दर वर्षी वेगळ्या रंगाचा. आज आतून कुणीतरी येऊन तिला सांगितलं, तर नुसती बसून राहिली. मला वाटलं, हिला कळलं नाही. मग उठली, आणि चालायला लागली तर डावी चप्पल उजव्या पायात. म्हटलं, बाई, चपला बदला, पडाल." बाबांनी साखरेचा डबा ओढला. "तेवढंच बोललो. दुसरं काय बोलणार?"

"बाबा..."

"मंडळाचे साहेब चांगले होते. म्हणाले, तुम्ही इतकी वर्षं नाही म्हणत आलात, आज घाई नको. संध्याकाळी पाचपर्यंत मत फिरवावंसं वाटलं तर फोन करा, पाचनंतर कागद वर जाईल. नंबर दिलाय." त्यांनी खिशातला फोन काढून टेबलावर ठेवला. "मी म्हटलं, मत माझं नाही, माझ्या मुलीचं आहे. ती यातच शिकते."

बाबांनी तिच्या कपात साखर घातली आणि ढवळायला लागले. ढवळता ढवळता एकदम विचारलं,

"तुझंच आहे ना ते? नाही, म्हणजे, तुमच्यात बोलायचं म्हणून बोलतात तसलं नाही ना? मला नाही वाटत तसं. तू 'धाकटा' म्हणालीस. तो गेल्यापासून तुझ्या तोंडून तो शब्द मी ऐकला नव्हता. सारखं आपलं 'ती केस', 'ती केस'. काल म्हणालीस आणि मला वाटलं, आता खरं बोलतेय."

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. थोडी घेई, थांबे, पुन्हा थोडी घेई.

सांगायला हवं होतं. त्यांच्या आयुष्यातला हा निर्णय एका खोलीतल्या कवायतीवर उभा राहिला होता, आणि त्यांना ते माहीत नव्हतं. जाणल्याशिवाय दिलेली संमती ही संमतीच नव्हे. हे तर ती पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायची. ती सरळ बसली. दोन्ही हात टेबलावर घेतले.

"बाबा, आमच्या चर्चासत्रात एक पद्धत असते," ती म्हणाली. "अर्धा वेळ झाला की सर..."

बाबांनी चमचा कपातून काढला आणि त्याला लटकलेला थेंब झाडायला, जन्मभराच्या सवयीने, कपाच्या काठावर वाजवला.

तिचं वाक्य अर्ध्यावर राहिलं.

बाबा चमचा हातात धरून थांबले. "काय करतात सर?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. दाढी आज नीट झाली होती. हनुवटीखाली दर वर्षी या दिवशी कापलेलं असे, तिथे आज काही नव्हतं.

"काही नाही," ती म्हणाली. "चहा पितात."

"आणि मी विचारलं त्याचं?"

"माझंच आहे, बाबा."

ते स्वतःच्या कानांनी ऐकताना, हे कपाआधीचं की नंतरचं, हे तिला सांगता आलं नसतं. शंकासुराने विचारलं असतं तर त्यालाही नाही.

"मग पी," बाबा म्हणाले. "निवतोय."

ते बाहेर जाऊन आरामखुर्चीत टेकले. थोड्या वेळाने त्यांचा श्वास जड झाला. बसल्या बसल्या ते असे कधी झोपत नसत.

ती आत बसून राहिली, दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवून. फोन हाताच्या अंतरावर होता. पाच वाजायला अजून अवकाश होता.