माझा ब्रेक कुणी बदलला

मी बोलतेय ती अंगणातून. माझी पुढची दोन्ही चाकं काढलेली आहेत, पोटाखाली लाकडी ठोकळे आहेत आणि बोनेट वर केलेलं आहे. घाबरू नका, मी मेलेली नाही. आज माझ्या ब्रेकचं काम आहे, एवढंच.

मी सव्वीस वर्षांची पिकअप. मूळ रंग निळा. आता कुठे निळा, कुठे करडा, आणि डावं दार हिरवं, कारण ते दुसऱ्या गाडीचं आहे. माझ्या मनात एका माणसाविषयी राग आहे. अंगावरचा पत्रा गंजला, तो राग मात्र मी गंजू दिलेला नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. पहिली नऊ वर्षं मी एका रोपवाटिकेत मातीच्या कुंड्या वाहिल्या. मग एका माणसाने मला विकत घेतलं आणि शेडमध्ये उभं करून विसरून गेला. माझ्या सीटमध्ये उंदरांच्या तीन पिढ्या वाढल्या. त्यानंतर मला एका काचवाल्याने घेतलं. खिडक्यांच्या काचा, कपाटांचे आरसे बसवून देणारा हा शांत माणूस. त्याने मला चालवत नाही, दोरीने ओढत घरी आणलं.

त्याची बायको ओले हात पुसत बाहेर आली. तिचे वडील पाण्याचे पंप दुरुस्त करायचे, त्यांच्या हाताखाली ती पाना धरायला शिकली होती. तिने बोनेट उघडलं आणि बराच वेळ नुसती बघत राहिली.

"हिला सगळ्यांनी वापरलंय. हिचं कुणी ऐकलेलं नाही," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मी तिची झाले.

स्वयंपाकघराच्या खिडकीखाली माझी जागा होती. ती जुन्या टूथब्रशने माझे प्लग घासायची. उघडलेले नट ताटात ओळीने मांडायची, म्हणजे कुठला कुठे हे चुकत नाही. नट आवळून झाला की त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायची. नट जरा जरी फिरला तरी ठिपका फाटतो आणि लगेच कळतं. आतून बघाल तर मी नटलेली होते म्हणा ना.

ब्रेकमधली हवा काढायचं काम मात्र एकट्याचं नाही. नवरा वर पेडलवर पाय ठेवून बसायचा, ती खाली आडवी व्हायची.

"दाबा. धरा, धरा. सोडा. अहो, सोडा म्हटलं की सोडायचं, विचार नाही करायचा."

"मी कुठे विचार करतोय? विचार करायचं खातं तुझ्याकडे."

असे आमचे दिवस होते.

आता तो माणूस. काचवाल्याचा थोरला भाऊ. मोठ्या रस्त्यावर त्याचं गॅरेज होतं, चार माणसं हाताखाली, स्वतः नेहमी पांढऱ्या शर्टात. भावाच्या घरी आला की माझ्याभोवती एक फेरी मारायचा आणि हसायचा.

"काय मिस्त्रीणबाई, आज कुठला स्क्रू उरला?"

ती हसण्यावारी न्यायची. मी नेत नव्हते.

माझा ब्रेकचा मुख्य सिलिंडर कामातून गेला, तेव्हा तिने नव्यासाठी तीन महिने दुकानं पालथी घातली. माझ्या जातीच्या गाड्या बनायच्या बंद झाल्या होत्या. शेवटी एका दुकानदाराच्या माळ्यावर एकुलता एक, खोक्यातला कोरा सिलिंडर सापडला. तो बसवून तिने लाल ठिपके दिले त्या दिवशी ती शीळ घालत होती.

पुढच्याच आठवड्यात ती बहिणीच्या बाळंतपणाला गेली. थोरला आला आणि भावाला म्हणाला, "गाडी दे दोन दिवस. फुकट सर्व्हिसिंग करून देतो." काचवाल्याने आनंदाने किल्ली दिली.

गॅरेजात माझ्याच जातीची एक पिकअप उभी होती, एका बेकरीवाल्याची. तिचा सिलिंडर गेलेला, नवा मिळत नव्हता आणि बेकरीवाला रोज येऊन आरडाओरडा करत होता. जेवणाच्या सुट्टीत गॅरेज रिकामं असताना थोरल्याने माझा कोरा सिलिंडर काढला. तिचा झिजलेला घासून पुसून मला बसवला. स्वतःच्या हाताने. जाताना माझ्या बोनेटवर थाप मारून म्हणाला, "नवा आला की देतो तुला."

मग तो विसरला. चोरी एक वेळ समजू शकते. पण विसरणं!

नवव्या दिवशी, हौद्यात आरसे उभे बांधलेले, आणि आम्ही उतारावर. काचवाल्याने ब्रेक दाबला आणि पेडल लोण्यात रुतावं तसं खाली गेलं. समोर बसथांब्यावर माणसं उभी होती. त्याने मला भिंतीवर घातलं. माझं तोंड चेपलं, मागचे सगळे आरसे फुटले आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला.

दवाखान्यात काय झालं ते मला नंतर घरातल्या बोलण्यातून कळलं. नातेवाईक जमले होते, शेजारी होते. थोरला भावाच्या उशाशी उभा राहून सगळ्यांदेखत तिला म्हणाला, "किती वेळा सांगितलं, ब्रेकचं काम घरी करायचं नसतं म्हणून. आज माणूस गेला असता."

सासूबाई उठल्या आणि थोरल्याकडे राहायला निघून गेल्या. आणि काचवाला घरी आल्यावर, कुबड्या भिंतीला टेकवत, न रागावता म्हणाला, "आता तू गाडीला हात लावू नकोस."

न रागावता म्हणाला, म्हणून तिला ते जास्त लागलं.

तिने पाने तेलाच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकले. मला ओढून अंगणात आणलं, वर ताडपत्री घातली. चौदा महिने मी त्या अंधारात होते. ती रोज शेजारून कपडे वाळत घालायला जायची आणि माझ्याकडे बघायची नाही. तिला खरंच वाटत होतं की नवऱ्याचा पाय तिने मोडला. मला सगळं ठाऊक होतं आणि सांगायला माझ्याकडे एक हॉर्न होता, तोही फुटलेला. त्या चौदा महिन्यांत मी थोरल्याला मनात किती प्रकारे चिरडलं त्याची गणती नाही.

तो मात्र मला भंगारात घालायच्या मागे होता. दोनदा भंगारवाल्याला घेऊन आला. "डोळ्यांसमोर नको ती, तुलाच त्रास होतो," तिला समजावत म्हणायचा. ती नुसती नकाराची मान हलवायची. तिसऱ्या वेळी त्याच्या तोंडून निघून गेलं, "बरं, गाडी राहू दे. ब्रेकचं सामान तेवढं मी आधी काढून नेतो."

ती दोरीवरचा चिमटा हातात धरून तशीच उभी राहिली.

"ज्या ब्रेकने घात केला तो तुम्हाला कशाला हवाय, भाऊजी?"

"अगं, सहज. बघायला."

तो गेल्यावर तिने ताडपत्री ओढली. बोनेट उघडलं, टॉर्च लावला. माझ्या आत सगळीकडे लाल ठिपके होते. सिलिंडरच्या दोन नटांवर नव्हते.

तिने माळ्यावरून पाने काढले. दोन्ही नट सोडले. सिलिंडर धुतल्यावर ग्रीसखाली आकडे दिसले, लोखंडात ठोकलेले. तिने तो स्वयंपाकघरात नेऊन नवऱ्यापुढे ठेवला. खिडकीतून मी ऐकत होते.

"हा मी बसवलेला नाही."

"ठिपका पुसला गेला असेल."

"आणि हे आकडे? मी नव्या सिलिंडरवर आकडे ठोकले?"

"दादा असं करणार नाही गं."

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही फक्त माझ्याबरोबर चला आणि ऐका."

त्याआधी तिने मला उभं केलं. पाच महिने लागले. चेपलेलं तोंड ठोकून सरळ केलं, हिरवं दार तेव्हाच आलं. सिलिंडर कुठेच मिळेना, म्हणून वडिलांच्या ओळखीच्या एका लेथवाल्याकडून एका दुसऱ्या गाडीचा सिलिंडर जुळवून घेतला. रोज काम संपलं की ती अंगणातल्या अंगणात मला पुढे नेऊन ब्रेक दाबायची. शंभरदा दाबला असेल.

आणि एका सकाळी आम्ही तिघं गॅरेजच्या दारात वळलो, ती चालवत होती आणि नवरा शेजारी बसला होता. थोरला चार गिऱ्हाइकांशी बोलत उभा होता, आमच्याकडे पाठ करून.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. उतार होता, वेग होता आणि तो बरोबर माझ्या समोर होता. एकोणीस महिने मी याच क्षणाची वाट पाहिली होती. तिने ब्रेक दाबला तेव्हा मी एकदा, फक्त एकदा, म्हटलं: नको थांबायला.

पण तो ब्रेक तिने बसवलेला होता. मी थांबले नसते तर त्याचंच म्हणणं खरं ठरलं असतं.

मी थांबले, त्याच्या पोटऱ्यांपासून एक वीत अंतरावर. तो उडी मारून वळला आणि मला बघून पांढराफटक पडला.

ती उतरली. पदराआडून नाही, सरळ हातात धरून तो सिलिंडर तिने टेबलावर ठेवला. धुऊन पुसून लख्ख केलेला, आकड्यांची बाजू खाली.

"भाऊजी, एका जुन्या पिकअपला हा बसवायचाय. चालेल का, जरा बघून सांगा. घरी काम करते ना मी, मला काय कळतंय."

गिऱ्हाइकं बघत होती. थोरल्याला हायसं वाटलं असावं, की हिला फक्त सल्ला हवाय. शेकडो पार्ट त्याच्या हातून गेलेले, हा कुठला त्याला आठवणार? त्याने टॉर्च मारला, बोट घालून आत फिरवलं.

"हा? अगं, आतून खरवडून गेलाय पार. हा जो बसवेल त्याला गाडीला हात लावू देऊ नये. माणूस मरेल."

"नक्की?"

"लिहून देतो."

तिने सिलिंडर उलटा केला आणि गॅरेजातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला हाक मारली. "काका, हे आकडे कुणाचे?"

मिस्त्रीने चष्मा लावला. "माझेच की. इथं खोललेल्या प्रत्येक पार्टवर मी ठोकतो, अदलाबदल नको म्हणून. हा बेकरीवाल्यांचा. नवा नाही का साहेबांनी आणून दिला तेव्हा? म्हणाले, कपाटात पडून होता…" बोलता बोलता त्याने थोरल्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि चष्मा काढला.

"विसरलो रे," थोरला भावाकडे वळून पुटपुटला. "दुसरा मागवून बसवणारच होतो. शपथ. विसरलो."

काचवाला माझं दार धरून खाली उतरला. काठी टेकत भावासमोर उभा राहिला.

"माझ्या उशाशी उभा राहून तू हिला बोललास. तेव्हाही विसरला होतास?"

थोरल्याने हातातला टॉर्च विझवला.

मला वाटलं, आता ती त्याच्या तोंडावर सिलिंडर फेकेल. तिने तसलं काही केलं नाही. ती म्हणाली, "दवाखान्यात तेव्हा सात घरची माणसं होती. सातही घरी जाऊन तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडाने. मी नेते तुम्हाला."

आणि तिने नेलं. सलग सात रविवार. तो पांढरा शर्ट घालून माझ्या फाटक्या सीटवर अंग चोरून बसायचा. ती दारासमोर गाडी उभी करून इंजिन चालूच ठेवायची, आणि तो बेल वाजवून, मान खाली घालून सांगून परत येईपर्यंत समोर बघत राहायची. मी प्रत्येक दारात जमेल तेवढा धूर सोडला, म्हणजे शेजारचेही बाहेर येतील. दोनदा तो बसायच्या आधी सीटखालची स्प्रिंग मी वर काढून ठेवली. लहानपणा आहे, कबूल. पण मजा आली.

सातवं घर त्याचं स्वतःचं. सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, आत गेल्या आणि पिशवी घेऊन बाहेर आल्या. माझ्या हिरव्या दाराशी खटपट करत सुनेला म्हणाल्या, "हे कसं उघडतं गं?"

"वर उचलून ओढा, आई."

माफी त्यांनी मागितली नाही. ती मागायला त्या शिकलेल्याच नव्हत्या. पण घरापर्यंत त्यांनी सुनेच्या गिअरवरच्या हातावर हात ठेवला होता, त्यामुळे ती एकही गिअर नीट बदलू शकली नाही.

आज ते सगळं मागे पडलंय. भाऊ भाऊ पुन्हा बोलतात. थोरला कधीमधी येतो, पण माझ्याभोवती फेरी मारत नाही. बेकरीवाल्याला तसाच जुळवलेला दुसरा बसवून, तिने शोधून आणलेला माझा सिलिंडर त्याने परत आणून दिला, तोच आज बसतोय. काचवाला तो मोडून जोडलेला पाय पेडलवर ठेवून बसलाय. ती खाली आहे. दाबा. धरा. सोडा.

मग मी थोरल्याला माफ का करत नाही? सांगते. पूर्वी ती नट आवळायची, ठिपका द्यायची आणि मागे न बघता हात धुवायला जायची. आता हात धुऊन होतात आणि ती परत येते. नटाला पाना लावून बघते. नट हलत नाही. ती जाते. पायरीपर्यंत जाते आणि पुन्हा वळते. सिलिंडर परत देता आला त्याला. हे कुठून आणून देणार?

बघा, काम संपलं आणि आत्ताही येतेय, ओल्या हातांनी. माझं बोलणं तिच्यापर्यंत पोचत नाही. तुम्ही या अंगणावरून जात असाल तर क्षणभर थांबा, आणि तिला माझा एवढा निरोप द्या: बाई, नट घट्ट आहे. तू आवळलायस तो.