टाकीतला खोटारडा

आमच्या घरात एक नियम होता. गाडी सुरू करण्याआधी ती हलवायची. मोठे काका टपाला धरून ती गदागदा हलवत, आजोबा मागे वाकून कान लावत. आत पेट्रोल डचमळलं की आजोबा मान डोलावत, मगच सगळ्यांनी बसायचं. पाहुण्यांनाही हातभार लावावा लागे. का, असं विचारायचं नाही.

ते 'का' म्हणजे मी. त्याच जुन्या गाडीच्या टाकीतला फ्लोट बोलतोय. एक पोकळ पितळी डबी आणि एक दांडा, एवढाच माझा संसार. पेट्रोल चढलं की मी वर, उतरलं की खाली. दांड्याच्या दुसऱ्या टोकाची पत्ती तारेच्या वेटोळ्यावरून सरकते. मी खाली गेलो की विजेला जास्त वेटोळं ओलांडावं लागतं, ती दमते आणि समोरचा काटा उतरतो. चढावर पेट्रोल मागे पळालं की मी जरा नाचतो, पण खोटं बोलत नाही.

आजोबांची नात शाळेत असताना काटा 'रिकामी'वर पडला तो उठेचना. टाकी काठोकाठ भरली तरी झोपलेलाच. काकांनी मला खोटारडा ठरवलं. गाडी हलवायला सगळे पुढे, वायर बघायला कोणी नाही. मी आपला आत मजेत पोहत राहिलो.

आता नातीला शेजारच्या शहरात नोकरी लागली. तिला एकटीनं गाडी घेऊन जायचं होतं. मोठ्यांचं म्हणणं, वाटेत गाडी हलवणार कोण? काका सोबत जातील, रोज.

नातीनं टाकीवरची मागची सीट उचलली. मला गाडीच्या पत्र्याशी जोडणारी वायर गंजून तुटली होती, विजेला परतीची वाटच नव्हती. तिनं नवी वायर जोडली, पत्रा घासून चकचकीत केला, स्क्रू आवळला आणि चावी फिरवली. काटा आळोखेपिळोखे देत उठला आणि पाऊण टाकीवर थांबला. इतक्या वर्षांनी माझं बोलणं कोणापर्यंत तरी पोचलं होतं. काय सांगू, पितळेचा असून मी मोहरून गेलो.

काका म्हणाले, "असेल योगायोग. उतरा बाईसाहेब, हलवून बघू."

"पाऊण टाकी आहे, काका. मी उतरणार नाही. आणि तुम्ही बसायचं नाही, मी एकटी जाणार आहे."

काकांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी काचेतून काट्याकडे पाहिलं, मग टपावर टेकलेला आपला हात काढून घेतला. नातीनं गाडी सुरू केली.