प्रेमलतेचा फुगा

सकाळचे ऊन आमच्या घरात सरळ येत नाही. पूर्वेच्या खिडकीत कूलर बसवलेला आहे. थंडीत त्याच्या गवताच्या ताट्या काढून माळ्यावर टाकतात, आणि मग उघड्या राहिलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांमधून उजेड आत झिरपू लागतो. आधी तो समोरच्या भिंतीवर उमटतो, अनेकदा धुतलेल्या सुती साडीसारखा, रंग असून नसल्यासारखा. मग सावकाश उतरतो: दिनदर्शिकेवरून, फळीवरच्या बुद्धमूर्तीच्या खांद्यावरून, खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकलेल्या मोज्यांवरून. खाली नारी रोडवर ऑटो खाकरू लागतात, कुणाची तरी पाण्याची मोटर घरघरते. उजेडाला त्यांच्याशी कर्तव्य नसते. बऱ्याच वेळाने तो आईच्या उतरत्या टेबलावर पोचतो आणि तिथे तिरपा पडून राहतो. त्या उजेडात कागदावरचा नुसता दाबसुद्धा दिसतो. पेन्सिलच्या रेघा खोडण्याचे काम मी नेहमी याच वेळी करत असे.

आई, म्हणजे भावना, व्यंगचित्रे काढत असे. तिची ‘गणपतरावांचे घर’ ही चित्रमाला इथल्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत माझ्या साऱ्या बालपणभर, आणि पुढे पुरवणी बंद पडेपर्यंत, छापून आली. गणपतराव देशापासून दोडक्यापर्यंत सगळ्यावर बोलत. त्यांच्या शब्दांचा फुगा चौकटभर पसरे. त्यांची बायको प्रेमलता मात्र अवाक्षर काढत नसे. पाणीटंचाईवर नवऱ्याचे व्याख्यान रंगात आले की शेवटच्या चौकटीत ती मागचा वाहता नळ बंद करी. एवढेच. आई पेन्सिलने काढी, शाईने गिरवी, आणि शाई वाळली की खोडरबर माझ्या हाती देई.

मी फार कमी बोलतो. वर्गात उत्तर येत असूनही माझा हात कधी वर गेला नाही. लग्नात मी चपलांच्या ढिगाजवळ उभा राहतो. ‘याला तोंड आहे की नाही?’ असे कुणी विचारले की मी मनात प्रेमलतेकडे वळत असे. अख्खे शहर जिच्यावर लोभ करत होते, तीही बोलत नव्हती. माझ्या मुकेपणाला जगात एवढाच एक मान होता.

म्हणून मुंबईच्या एका कंपनीने या चित्रमालेवर बेतलेल्या विनोदी मालिकेची संहिता पाठवली, तेव्हा ती वाचून मी टेबलावर आपटली. गणपतरावांच्या धोतराची ट्रॅकपँट झाली होती. ते आता उंच इमारतीत राहत होते आणि मोबाइलवरच्या सोसायटीच्या गटावर भांडत होते. पिंजऱ्यातला पोपट जाऊन हुकूम ऐकणारा स्पीकर आला होता. हेही मी गिळले असते. पण पानोपानी, गणपतरावांच्या प्रत्येक वाक्याखाली, लिहिलेले होते: ‘प्रेमलता –’. ती टोमणे मारत होती, फोनवर बहिणीशी बोलत होती, आणि तिच्या प्रत्येक वाक्यापुढे कंसात आज्ञा होती: ‘हशा’. एका मूर्तीला कुणी पकडून तमाशाच्या फडात उभे करावे, तसे मला वाटले.

“काहून फणफणून राहिला?” आईने विचारले. “अजून सही नाई केली मी. वाचन ऐकू, मग पाहू.”

सही होऊ द्यायची नाही, हे मी ठरवूनच तिच्यासोबत निघालो. स्कूटरवर मागे बसून माझी वाक्ये मी पुनःपुन्हा घोटली.

वाचन जुन्या शहरातल्या महाल भागात होते, भांड्यांच्या दुकानावरच्या एका तालमीच्या खोलीत. दिग्दर्शिका गार्गी माझ्याच वयाची होती. प्रेमलतेचे काम करणाऱ्या यमुताई इथल्याच रंगभूमीवरच्या, तर्रीपोह्यांची बशी मांडीवर घेऊन त्या बसल्या होत्या आणि आईला पाहताच ओरडल्या, “याव, भावनाबाई! मले वाटलं तुम्ही पण तुमच्या बाईसारख्याच मुक्या असान.”

“मुकी? मी?” आई म्हणाली. “माह्या पोराले विचारा. त्याच्या वाट्याचंही मीच बोलते.”

सगळे हसले. मी माझ्या चपलांकडे पाहिले.

वाचन सुरू झाले. सोसायटीतील शिस्त या विषयावर गणपतराव सुटले, आणि श्वास घ्यायला थांबले तेव्हा यमुताईंनी पोह्यांवरून नजरही न उचलता म्हटले, “भाषण सरलं की आवाज द्या. तोवर मी नरखेडले जाऊन येते.”

गार्गीने मोबाइलवरचे बटण दाबले आणि यंत्रातले शेकडो लोक हसले.

“बंद करा ते!” मी उभा राहिलो होतो. माझा आवाज मला अनोळखी वाटला. “प्रेमलता बोलत नाही. तिचे न बोलणे हीच त्या चित्रांची कला होती. तुम्हाला शांतता सोसत नाही म्हणून तुम्ही तिच्या तोंडात वाट्टेल ते कोंबता आहात! ही वाक्ये कुणी लिहिली?”

गार्गीने गोंधळून आईकडे पाहिले.

“मी,” आई म्हणाली. “फोनवर सांगत गेली, ह्या पोरीनं उतरवून घेतली.”

खालच्या गल्लीत कुणाची तरी दुचाकी हॉर्न वाजवत अडकली होती. त्या आवाजातच आईने माझी बाही खाली ओढली.

“बस खाली, पियुष. कला-बिला काही नव्हतं. पहिल्याच रविवारी ऐन वेळेवर साड्यांच्या सेलची जाहिरात आली. पेपरवाल्यायनं चित्राची उजवी बाजू कापली, त्यात प्रेमलताचा फुगा गेला. लोकायची पत्रं आली: वा, काय अर्थपूर्ण मौन! मग संपादक म्हणे, आता हिले बोलू द्यायचंच नाई. चाललं तेच चालवा.”

“अरे बाप्पा!” यमुताई म्हणाल्या. “साडीच्या सेलपायी बाईचं तोंड बंद?”

“पण मग तुम्ही तिचे चेहरे कसे काढलेत?” गार्गीने विचारले. “शेवटच्या चौकटीत ती नेहमी काहीतरी म्हणून मोकळी झाल्यासारखी दिसते.”

“कारण म्हणतच होती ना. ती काय म्हणते ते ठरल्याबिगर तिचं तोंड जमत नव्हतं मले. पहिले पेन्सिलनं फुगा काढाव, त्यात लिहाव, मग चेहरा. शाई फक्त चेहऱ्यावर.” आईने संहिता हातात घेतली. “सही करते मी. पण ते मशीनचं हसू काढा. माह्या चित्राखाली ‘हसा’ असं कधी लिहिलं नव्हतं मी.”

“आणि नरखेड?” यमुताईंनी विचारले.

“नरखेड राहू द्या. ते जुनं आहे.”

ती माझ्याकडे पाहत नव्हती. गार्गीने मात्र विचारले, अगदी सरळपणे, “पियुष, आई सांगत होत्या, मूळ कागद तुम्हीच साफ करत होता ना? तुम्हाला काहीच आठवत नाही?”

सगळे माझ्याकडे वळले. यंत्रातल्या त्या हशाची चीड अजून होती, आणि घोटलेली वाक्येही तशीच होती. पण त्यांतले एकही आता उपयोगाचे नव्हते. मला आमचे टेबल दिसत होते आणि त्यावर पडलेल्या उन्हाच्या पट्ट्या. आई पेन्सिल दाबून लिहीत असे. ‘नरखेडले’ हा शब्द एका घासण्यात जात नव्हता. कागद तिरपा धरून मला तो पुन्हा घासावा लागला होता, आणि घासता घासता मी हसलोही होतो.

प्रेमलता दर आठवड्याला बोलत होती, आणि ते मी वाचत होतो.