मधल्या दारामागचा खोकला

तिसऱ्या मजल्यावरच्या रोग्याला अखेर लोकांनी चंबूगबाळ्यासकट बाहेर काढलं आणि त्याच्या मागोमाग अख्खा जिना फिनेल टाकून धुऊन घेतला.

असं काही घडलेलं नाही. त्या इमारतीत कुणालाही विचारा. सोसायटीचे अध्यक्ष सांगतील, आमच्याकडे सगळी सुशिक्षित माणसं राहतात. अध्यक्षीणबाई सांगतील, जिना काय, आम्ही तसाही धुतोच. तेव्हा ही न घडलेली गोष्ट जशी घडली नाही तशीच सांगायची, तर सुरुवात गोळीताईपासून करावी लागते.

गोळीताई म्हणजे आरोग्य केंद्रातली परिचारिका. क्षयाच्या रोग्यांना घरी जाऊन गोळ्या द्यायच्या, हे तिचं काम. या कामात रोग्यापेक्षा शेजारी जास्त सांभाळावे लागतात. बॅगवाली बाई एकाच दारात नेमाने जायला लागली, की आधी त्या घरच्या पोरांना खेळायला कुणी बोलवेनासं होतं आणि मग घरमालकाला कुठल्याशा पुतण्याची आठवण येऊन खोली रिकामी हवी असते. म्हणून गोळीताईने स्वतःची एक पद्धत बसवली होती. इमारतीत रोगी एकच असला तरी ती झाडून सगळी दारं वाजवायची आणि प्रत्येक दारात सारखाच वेळ घालवायची. कुठे पिंपात डासांच्या अळ्या बघ, कुठे बाळाच्या लशीची चौकशी कर, कुठे रक्तदाब मोज. तळमजल्यावरच्या आजोबांचा रक्तदाब तर इतक्यांदा मोजला गेला, की तो कंटाळून आपण होऊन बरोबर यायला लागला. या सगळ्या गडबडीत गोळ्यांचं पाकीट नेमकं कुठल्या घरात राहिलं, हे कुणाच्या बापाला कळायचं नाही.

या इमारतीत ते राहायचं दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणवालीकडे. अख्ख्या इमारतीचे फ्रॉक, पडदे, उशांचे अभ्रे तिच्या मशीनखालून जायचे. पहिल्याच दिवशी तिने गोळीताईला बजावलं होतं.

"ताई, एक सांगून ठेवते. कुणाला कळलं ना, तर गोळ्याही सोडीन आणि ही खोलीही."

"खोली खुशाल सोड. गोळ्या सोडल्यास तर जिथे असशील तिथे येऊन कान धरीन."

"माझ्या हातचं कापड लोक अंगाला लावतात, ताई. मग कोण लावील?"

"कापडातून नाही गं लागत हा. खोकल्यातून हवेत उडतो. आणि गोळ्या नीट चालू राहिल्या की काही आठवड्यांनी तसाही लागत नाही. पुढच्या महिन्यांत फक्त त्याला मुळापासून उपटायचं."

"हे तुम्हाला माहीत, मला माहीत. अध्यक्षीणबाईंना माहीत आहे?"

गोळीताईने पाण्याचा पेला पुढे केला.

घोटाळा झाला तो तिसऱ्या मजल्यावर. तिथलं मधलं दार कायम बंद. मालक कधीच परदेशी गेलेला, कुलपावर कोळ्याने घर केलेलं. गोळीताईने दारं वाजवण्याच्या नादात तेही वाजवलं. वाजवून उत्तराची वाट बघत उभी राहिली. मग कुलूप दिसलं. चूक कळली तेवढ्यात मागे अध्यक्षीणबाई बादली घेऊन उभ्या. आता कुलूप लावलेल्या खोलीपुढे उभं राहून आपण येड्या ठरू, या धास्तीने गोळीताई दाराच्या फटीला तोंड लावून मोठ्याने म्हणाली, "बरं वाटतंय ना आता? गोळ्या चुकवू नका हं!"

आणि पटकन पुढचं दार वाजवलं.

एवढं पुरे होतं. दिवेलागणीच्या आत इमारतीला रोगी मिळाला.

कुलूप बाहेरून होतं, ही अडचण अध्यक्षांनी चुटकीसरशी सोडवली. "लोकांनी समजू नये म्हणून बाहेरून लावून घेतो. पक्का आहे." मग चौथ्या मजल्यावरचे लोक तो मजला श्वास रोखून ओलांडायला लागले. एका गृहस्थांना त्या नादात घेरी आली आणि ते नेमके त्याच उंबऱ्यावर बसले, तर त्यांच्या बायकोने त्यांना दुपारभर गच्चीत वाळत ठेवलं. रोग्याचं वर्णनही हळूहळू भरत गेलं. अंगात चौकटीचा शर्ट असतो. माणूस उंच, पण वाकलेला. घमेंडी आहे, समोर आला तरी ओळख देत नाही.

गोळीताईला आधी हसू आलं, मग बरं वाटलं. लोकांना कुणाला तरी घाबरायचंच असेल तर न राहणाऱ्या माणसाला घाबरोत. शिवणवाली तर सुटल्यासारखी झाली. तिला खोकल्याची उबळ आली की अध्यक्षीणबाई वर बघून म्हणायच्या, "ऐका! सुरू झालं त्याचं." आणि शिवणवाली तोंडावरचा पदर न काढता मान डोलवायची. "मला तर बाई, अगदी छातीतून आल्यासारखा ऐकू येतो."

गोळ्यांनी आपलं काम केलं. तिची उबळ कमी झाली, अंगावर थोडं मांस आलं, आणि एक दिवस खोकला थांबला.

वरचा थांबला नाही.

"लोकांना तो ऐकायची सवय लागलीय," गोळीताई म्हणाली.

"नाही ताई. मी माझा खोकला ओळखते. शेवटी एक शिट्टी वाजते त्यात. तसाच आहे तो. माझाच आहे." शिवणवालीने मशीनचं चाक हाताने थांबवलं होतं. "मी सोडला, तो त्याने घेतला."

गोळीताई भर दुपारी तिसऱ्या मजल्यावर गेली. जिन्यात ऊन होतं, कुठूनतरी कुकरची शिट्टी येत होती. कोळी कुलपावर जागच्या जागी होता. आणि दारामागून खोकला आला. ओला, दमलेला, शेवटी बारीक शिट्टी असलेला. तिने कडी वाजवली तसा तो मध्येच तुटला, कुणी तळहात तोंडावर दाबावा तसा. दाराच्या पलीकडे कुणीतरी गप्प बसलं होतं. इतकं गप्प, की माणसाशिवाय दुसरं कुणी तसं बसूच शकत नाही.

घाबरून पळणं तिला जमलं असतं. पण दोन आठवड्यांच्या वर खोकणाऱ्याची थुंकी तपासायची, हा नियम होता, आणि नियमात माणूस असला पाहिजे असं कुठे म्हटलेलं नव्हतं. तिने तपासणीची डबी दाराखालच्या फटीजवळ ठेवली. "सकाळी उठल्या उठल्या. आधी चूळ भरा," ती म्हणाली.

पुढच्या खेपेला डबी भरलेली होती. झाकण घट्ट लावलेलं. खरे रोगी इतकं घट्ट लावत नाहीत.

केंद्रातल्या डॉक्टरांनी अहवाल बघितला. "जंतू आहेत. भरपूर. कोण आहे हा?"

"सांगता येत नाही, सर."

"गोपनीयता लोकांसाठी असते, माझ्यासाठी नाही."

"गोपनीय नाही, सर. मलाच माहीत नाही. तिथे कुणी राहत नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. नोकरीत त्यांनी बरंच पाहिलं होतं. "न राहणाऱ्याला जंतू आहेत म्हणजे उपचार द्यावेच लागतील," ते म्हणाले. "गोळ्यांच्या हिशोबाला वजन किती धरू?"

तेव्हापासून गोळीताई दोन घरी खऱ्या गोळ्या द्यायला लागली. फटीतून गोळ्या आत जायच्या, रिकामी वेष्टनं बाहेर यायची, नीट चपटी केलेली. कधी ती उंबऱ्याशी टेकून दोन शब्द बोलायची. मळमळ होते का, लघवी लाल झाली तर भिऊ नका, औषधाने होते. आतून उत्तर नसायचं. पण ऐकून घेतलं जात होतं.

आणि मग सभा भरली. ठराव एका ओळीचा होता: त्याला काढायचं. गोळीताई बोलावणं नसताना जाऊन उभी राहिली.

"औषध घेणाऱ्यापासून तुम्हाला धोका नाही. ज्याला बरेच दिवस खोकला आहे आणि जो लोकलाजेने घरात दडून बसलाय, त्याच्यापासून आहे. तुम्ही असं करायला लागलात तर उद्या दडणारे वाढतील. रोग काय, उपाय काय, तपासायला कुठे यायचं, एवढं विचारा. सगळं सांगते. कोणाला झालाय हे विचारू नका."

"ते सगळं छान बोललात, ताई," अध्यक्ष म्हणाले. "पण नाव काय त्याचं?"

"नाही सांगणार."

"मग कुलूप तोडून बघतो."

अख्खी सभा तिसऱ्या मजल्यावर चढली, गोळीताई मागोमाग. खोली रिकामी निघाली, की पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग ही बाई येते कुणाकडे? गर्दीच्या कडेला शिवणवाली उभी होती. तिच्या बोटांनी पदराचं टोक गोळा करून मुठीत धरलं होतं, आता निघायचंच असल्यासारखं.

कुलूप एका घावात तुटलं. दार उघडलं. आत उन्हाचा एक पट्टा, जाड धूळ, धुळीत कुणाचंही पाऊल नाही. भिंत, खिडकी, संपलं. साप साप म्हणून भुई धोपटली, हे सगळ्यांना एकदमच कळलं, आणि ते कबूल करायचं कुणी, हा प्रश्न पडला. अध्यक्षांचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. मग त्यांनी घसा साफ केला आणि त्या रिकाम्या खोलीला दरडावलं.

"बाहेर या!"

आणि लोक बाजूला झाले. आधी पुढचे, मग मागचे, मग जिन्यावरचे, एकेक करत भिंतीला टेकले, नाक दाबून. त्यांच्या मधून, वरून खाली, काहीतरी गेलं. प्रत्येकाची मान ते जाईल तशी वळत होती. कुणी म्हणालं गाठोडं आहे, कुणी म्हणालं नुसतीच पिशवी. पायरीपायरीवर खोकला उतरत होता. शिवणवालीने एकटीने नाक दाबलं नव्हतं. तिच्यापाशी आल्यावर तो खोकला थबकला, जुन्या ओळखीच्या माणसाने थबकावं तसा, आणि तिने अंग चोरलं नाही. उलट वाट देताना ती हलकेच म्हणाली, "सांभाळून उतरा."

मग फाटक वाजलं. मग फिनेल.

त्यानंतर इमारतीत अळीमिळी गुपचिळी. अशा रोग्याला हाकलणं कायद्यात बसत नाही, असं कुणीतरी वाचलं होतं, तेव्हा तिथे रोगी नव्हताच असं ठरलं, आणि जे नव्हतंच ते शोधायची गरजही उरली नाही. शिवणवालीने गोळ्या पुऱ्या केल्या. ती ठणठणीत आहे. अध्यक्षीणबाईंचे पडदे तिनेच शिवले.

पण गोळीताईचा एक रोगी अर्ध्या उपचारावर शहरात फिरतो आहे. त्याला शोधायला ती वेगवेगळ्या जिन्यांत थांबते, बंद दारांना कान लावते. एकदा कुठल्याशा गोदामात तिला शिट्टी ऐकू आली, पण पोचेपर्यंत तिथल्या लोकांनी त्याला हुसकावून दारंही बदलून घेतली होती. शेवटी तिने वरच्या कार्यालयाकडे अर्ज केला. तो असा:

"महोदय, उपरोक्त रुग्णास नाव, वय, पत्ता व देह नसल्याने त्याचा शोध घेणे अवघड झाले आहे. तरी प्रत्येक इमारतीने आपल्याकडील एक खोली त्याच्यासाठी कुलूप न लावता मोकळी ठेवावी. आतून खोकला ऐकू आल्यास रहिवाशांनी 'कोण आहे?' असे न विचारता 'गोळी घेतलीत का?' एवढेच विचारावे. व तो जिन्यात भेटल्यास त्याच्यासमोर श्वास घ्यावा, असे आदेश आपल्या स्तरावरून तातडीने निर्गमित व्हावेत, ही नम्र विनंती."