कॉब टेकडीची पजेरो

वीसेक वर्षं मी गाडी शेजारच्या सीटवर बसून चालवली. चेष्टा नाही. आमच्या व्हरमाँट राज्यात खेड्यापाड्यांतलं टपाल वाटणाऱ्याला गाडी स्वतःची आणावी लागते. आता गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, आणि घरांच्या टपालपेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला, खांबांवर. मग करायचं काय? उजव्या सीटवर बसायचं, डावा पाय लांब ताणून ब्रेक आणि ॲक्सिलरेटर सांभाळायचा, डाव्या हाताने स्टिअरिंग धरायचं आणि उजव्या हाताने पेटीत टपाल सरकवायचं. आमच्यातले बहुतेक जण असंच करतात आणि बहुतेकांची कंबर त्यातच जाते. माझा तर खुबाच गेला. डॉक्टरीण म्हणाली, "आर्लीन, आणखी एक हिवाळा असं बसलीस तर पुढचा हिवाळा कुबड्यांवर काढशील."

त्यात वार्षिक तपासणीत माझी जुनी स्टेशन वॅगन नापास झाली. आमच्याकडे रस्त्यावरचं बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि ते मीठ गाड्यांना खालून खात बसतं. तपासणारं गॅरेज गावात एकच, वेंडलचं. वेंडल म्हणजे माझ्या वारलेल्या नवऱ्याचा, रेमंडचा धाकटा भाऊ. त्याने गाडीच्या तळाला स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. सख्ख्या दिराने मला जराही सूट दिली नाही. म्हणाला, ही पास केली तर रेमंड वरून खाली येऊन माझे कान उपटेल.

नेमकं तेव्हाच आमच्या विभागाच्या साहेबांनी, मिस्टर ऑस्ट्रँडर यांनी, कॉब टेकडीचा विषय काढला. मार्च-एप्रिलमध्ये जमिनीतला बर्फ सुटायला लागला की आमचे मातीचे रस्ते खिरीसारखे होतात. गेली दोन वर्षं त्या दिवसांत माझी गाडी टेकडीवर पोचलीच नव्हती, वरच्या घरांचं टपाल कित्येक दिवस पोस्टात पडून राहिलं होतं. साहेबांचं म्हणणं साधं होतं. यंदाही तसंच झालं तर टेकडी माझ्या फेरीतून काढायची आणि वरच्या सगळ्यांच्या पेट्या खाली चर्चपाशी एका ओळीत लावायच्या. माणूस वाईट नव्हता, सपाट गावातला होता इतकंच.

टेकडी गेली की माझी नोकरी अर्धी होणार होती, आणि अर्ध्या नोकरीत माझं घर चालत नाही. शिवाय वर आयडा मार्कोट राहते. ऐंशीच्या पुढची बाई, वॉकर धरून चालते, तिची औषधं टपालाने येतात. ती चर्चपर्यंत उतरणार कशी, हे साहेबांच्या नकाशात कुठे दिसत नव्हतं. माझं डोकंच फिरलं. टेकडी सोडायची नाही, असं मी ठरवून टाकलं.

उजव्या स्टिअरिंगची नवी गाडी इथे मिळते, पण तिची किंमत ऐकून मी फोन ठेवून दिला. आणि मग एका संध्याकाळी माझ्या डोक्यात उजेड पडला की जगात असे देश आहेत जिथे प्रत्येक गाडीचं स्टिअरिंग उजवीकडेच असतं. जपान त्यातलाच. तिथे जुन्या गाड्या स्वस्त जातात. आमच्या सरकारची अट एवढीच की परदेशातून आणायची तर ती पंचवीस वर्षांपेक्षा जुनी हवी. म्हणजे दुसऱ्या कुणी भंगारात काढावी अशाच वयाची गाडी आम्हाला आणता येते.

फुकुओकाजवळ होरिकावा नावाचा एक दलाल मला इंटरनेटवर सापडला. तो लिलावात माझ्या वतीने बोली लावणार, मी लांबून हो किंवा नाही म्हणणार. तो बिचारा गाड्यांचे समोरून, बाजूने, धुऊनपुसून काढलेले सुंदर फोटो पाठवायचा. मी दर वेळी लिहायची, हे नको, गाडीच्या खाली झोपा आणि तिथले फोटो काढा. शेवटी त्याने अगदी अदबीने लिहिलं की आपल्याला गाडीचा रंग कोणता हवा हे अजून कळलेलं नाही. मी कळवलं, रंग कसलाही चालेल, बूड शाबूत पाहिजे.

दोन-तीन गाड्या हातच्या गेल्या, कारण माझी बोली ठरलेल्या रकमेच्या वर जायचीच नाही. ती रक्कम म्हणजे रेमंडची बर्फावरची स्नोमोबाईल आणि बोट विकून आलेले पैसे. स्नोमोबाईल गेली तेव्हा मला काही वाटलं नाही, बोट गेली तेव्हा वाटलं. मग एक हिरवी डिझेल पजेरो आली. गिअर हाताने टाकायचे, सीट फाटलेली, एका दारावर कुणीतरी खरवडलेलं. पण तिच्या पोटाखालचा फोटो मी मोठा करून पाहिला आणि खुर्चीतून उठलेच. एवढ्या वयाच्या गाडीचं असं स्वच्छ बूड मी जन्मात पाहिलं नव्हतं. होरिकावाला लिहिलं, घ्या.

मार्च महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आमच्या गावची सभा भरते. रस्ते, शाळा, अग्निशमनाचा बंब, सगळ्यांवर हात वर करून मतं द्यायची आणि दुपारी बीन्स आणि केक खायचे. शेवटी 'इतर विषय' आला तेव्हा वेंडल उठून उभा राहिला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "माझ्या वहिनीने एक गाडी मागवलीय. स्टिअरिंग उलट्या बाजूला. गावाने रुतलेली गाडी ओढायची एक साखळी विकत घेऊन टेकडीच्या पायथ्याशी कायमची ठेवावी, असा मी ठराव मांडतो." सभागृह हसलं. वर दोन जणांनी अनुमोदनही दिलं. मी म्हटलं, ठेवा साखळी, कुणाच्या उपयोगी पडते ते बघू. बोलले खरी, पण गाडी अजून समुद्रातच होती.

ती बंदरात लागली तेव्हा आणायला मी वेंडललाच नेलं. दुसरं कोण येणार? तिथल्या अधिकाऱ्याने चाकांच्या वरच्या खोबणीत बॅटरी मारून, बोट फिरवून पाहिलं. परदेशची माती देशात येता कामा नये, असा नियम आहे. होरिकावाने वाफेने धुऊन पाठवली होती, बोट स्वच्छ निघालं. मला हसू आलं. व्हरमाँटच्या चिखलात लोळायला निघालेली गाडी, आणि तिला मातीचा कण चालत नव्हता.

मग किल्ली हातात आली. वेंडल सवयीने डावं दार उघडून आत बसला आणि हात पुढे केले, तर समोर नुसता डॅशबोर्ड. बंदरातला पोरगा म्हणाला की सगळेच फसतात, इथे आलेला एकही माणूस पहिल्यांदा बरोबर दाराशी गेलेला नाही. मी मात्र काही विचार न करता सरळ उजवीकडे जाऊन बसले होते. इतकी वर्षं तीच तर माझी जागा होती. फक्त आज त्या जागेवर स्टिअरिंग होतं, आणि दोन्ही पाय समोर सरळ होते. खुबा दुखत नव्हता. मी दोन्ही पाय पेडलांवर ठेवून पाहिले, उचलले, पुन्हा ठेवले. वेंडलने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, गप्प बस.

चिखल ऐन भरात आला त्या आठवड्यात साहेब स्वतः फेरी बघायला आले. ते डावीकडे बसले, म्हणजे आयुष्यभर जिथे स्टिअरिंग धरलं तिथे, रिकाम्या हातांनी. समोरून ट्रक आला की त्यांचा पाय नसलेल्या ब्रेकवर पडायचा. मला मजा येत होती. खालच्या रस्त्यावर खिडकी खाली, हात बाहेर, पेटी उघड, टपाल आत, पेटी बंद, असं चाललं होतं. अंग वाकवावं लागत नव्हतं की ताणावं लागत नव्हतं.

टेकडीच्या पायथ्याशी वेंडल त्याचा मोठा पिकअप घेऊन उभा होता, मागे साखळी. म्हणाला, चल, मी मागून येतो, लागलं तर ओढून काढीन. साहेबांना ते फार पटलं.

आमच्याकडे चिखलात गाडी चालवायची एकच रीत, ती लहानपणापासून अंगात भिनलेली असते. आधीच्या गाड्यांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या धरायच्या आणि त्या सोडायच्या नाहीत. मीही तेच केलं, आणि तिथेच चुकले. चाकोऱ्या पडलेल्या होत्या वेंडलच्या पिकअपसारख्या रुंद गाड्यांच्या. माझी पजेरो अरुंद. उजवी चाकं खोल चाकोरीत गेली, डावी मधल्या उंचवट्यावर चढली, आणि गाडी अशी कलली की साहेब जवळजवळ माझ्या मांडीवर आले. मागची चाकं जागीच फिरायला लागली. मागून वेंडलने हॉर्न दिला. तो त्याचा आनंदाचा हॉर्न होता, मी ओळखते.

साहेब सावरून बसले आणि म्हणाले, "मिसेस पेल्की, तुम्ही प्रयत्न केलात. आपण परत फिरू."

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, चाक किती रुतलंय ते बघायला. आणि बघतच राहिले. माझं पुढचं चाक मला दिसत होतं, अगदी खाली, हात लांबवला तर लागेल असं. त्याच्या पलीकडे रस्त्याची कड होती, गेल्या वर्षीच्या वाळक्या गवताची, मुळांनी घट्ट धरलेली. त्या कडेने आमच्याकडे कुणी जात नाही. कारण तिच्या लगेच पलीकडे चर आहे, आणि डावीकडे बसलेल्याला आपलं उजवं चाक चरापासून किती लांब आहे ते दिसतच नाही. मला दिसत होतं.

मी गाडी थोडी मागे घेतली, खालचा गिअर टाकला आणि उजवी चाकं चाकोरीतून काढून त्या गवतावर चढवली. डावी राहिली मधल्या उंचवट्यावर. चाकोरी गाडीच्या पोटाखाली गेली. डोकं बाहेरच ठेवून, चाकावर नजर ठेवून, मी हळूहळू चढत गेले. गाडी कुरकुरली, पण थांबली नाही. साहेबांच्या खिडकीतून त्यांना काय दिसत होतं कोण जाणे, त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मधे पेट्या लागल्या की मी थांबायची, टपाल टाकायची, पुन्हा निघायची. पेट्या त्याच कडेला होत्या ना. शेवटच्या वळणावर तर मी मोठ्याने गात होते.

आयडा वॉकर धरून पेटीपाशी उभी होती. तिला इंजिनाचा आवाज खालूनच आला असणार.

"उशीर केलास," ती म्हणाली.

"चिखल होता."

"चिखल दरवर्षी असतो." तिने औषधाचं पाकीट घेतलं, वाकून गाडीत बघितलं आणि साहेबांना विचारलं, "तुम्ही कोण? आणि तिला चालवायला लावून नुसते काय बसलात?"

साहेबांनी नाव सांगितलं. आयडा म्हणाली, "अस्सं. म्हणजे पेट्या खाली नेणारे ते तुम्ही." ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि साहेब आपले बूट न्याहाळत राहिले.

उतरताना अर्ध्यावर वेंडल भेटला. त्याने चाकोरी सोडली नव्हती, आणि चाकोरीने त्याला सोडलं नव्हतं. पिकअप आसापर्यंत रुतला होता, चाकांनी भोवती नुसती उकरण केली होती. तो बोनेटला टेकून उभा होता. मी गाडी थांबवली. त्याच्या पिकअपमधल्या साखळीकडे बोट करायचा मोह झाला होता, तो आवरला. साखळी बांधायला साहेब स्वतः उतरले. ऑफिसचे बूट घोट्यापर्यंत आत गेले तरी त्यांनी कड्या नीट अडकवल्या. मी मागे घेतलं, पजेरोने एक हिसका दिला, दुसरा दिला, आणि पिकअप 'फच्च' करून सुटला.

वेंडल माझ्या खिडकीशी आला, टोपी काढली, परत घातली. "त्या जपान्याचा पत्ता देशील?" असं हळू विचारलं. मी म्हटलं, दुपारी ये घरी, देते.

खाली चर्चपाशी पोचलो तर, आम्ही वर असताना, गवतावर नवेकोरे खांब येऊन पडले होते, वरच्या पेट्यांसाठी आणलेले. म्हणजे ठरलंच होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी काच वर केली.

साहेब म्हणाले, "जरा थांबता का?" ते उतरले, चिखलाच्या बुटांनी गवतात गेले आणि एक खांब उचलून माझ्या गाडीच्या मागच्या दारापाशी घेऊन आले. मग दुसरा. घामाघूम झाले तरी त्यांनी मला हात लावू दिला नाही.

"हे परत पाठवायचे आहेत," मागचं दार लावायचा प्रयत्न करत ते म्हणाले. "टेकडी तुमच्याकडेच राहील."

दार लागेना. खांब बाहेर आले होते, तसेच मी ते गावातून नेले. दुकानासमोर सभेत हसलेली सगळी मंडळी कॉफी पीत उभी होती. त्यांनी आधी खांबांकडे पाहिलं, मग चिखलाने माखलेल्या साहेबांकडे, मग माझ्याकडे. मी उजवा हात खिडकीबाहेर काढून हलवला आणि पोस्टापर्यंत हॉर्न वाजवत गेले.