आरशासारखी भिंत

भावाभावांत अबोला धरला गेला आणि दिवाणखान्याच्या मधोमध भिंत घालायचं ठरलं. दादाने सुताराला बजावलं, "माझी बाजू गुळगुळीत पाहिजे." मग धाकटा कसा मागे राहील? तो म्हणाला, "माझी आरशासारखी हवी!" दोघेही बोलत सुताराशीच.

लाकडी सांगाडा उभा राहिला. धाकटा उठला की ओळंबा घेऊन त्याच्यापुढे. एक उभा दांडा जरा वाकडा निघाला.

"याचं पोट माझ्याकडे आलंय. वर ठोकायच्या बोर्डाला फुगवटा येईल," धाकटा सुताराला म्हणाला.

"त्याला सांगा, पोट तिकडे म्हणजे खळगा इकडे," पलीकडून दादा सुतारालाच म्हणाला. सुताराने दांडा बदलला. दोघी जावा मात्र सांगाड्यातून खुशाल वाट्यांची देवाणघेवाण करत होत्या. त्यांना या भांडणाचं आमंत्रणच नव्हतं.

मग वायरमन आला. स्विचचे डबे नखभर पुढे आले म्हणून दोन्हीकडून तोफा सुटल्या. बिचाऱ्याने डबे काढले, वायरी सोडवल्या, पुन्हा जोडून आत दाबल्या. डब्यांची कड पुढे ठोकायच्या बोर्डाशी समपातळीत येईल की नाही, हे दोघा भावांनी पट्टी लावून तपासलं. वीज चालू करून बघायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

बोर्ड ठोकले, सांधे भरले, घासले. भिंतीवरून माशी घसरावी असं काम झालं. धाकट्याने छाती फुगवून पंख्याचं बटण दाबलं. पंखा ढिम्म!

"अरे, माझा पंखा कुणी लावला?" पलीकडून दादा ओरडला.

वायरमनने येऊन डोकं खाजवलं. "वायरींची अदलाबदल झालीय. भिंत फोडावी लागेल."

"फोडायची?" दोघे भाऊ एकदमच किंचाळले. कित्येक महिन्यांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. भिंतीला कुणी हात लावायचा नाही!

तेव्हापासून घरात अबोला परवडेनासा झाला. उकडायला लागलं की धाकटा भिंत ठोकतो, "दादा, पंखा!"

"आधी माझा दिवा घालव."

परवा दुपारी पंखा फिरायला लागला आणि पाठोपाठ आवाज आला, "फार जोरात नाही ना फिरत? तुला सर्दी झालीय म्हणे."

धाकट्याने नाक पुसलं. मग म्हणाला, "एक नंबर कमी कर."